डोळा लवणे आणि डोळे मिटणे



डोळा लवला की शुभ घडणार की अशुभ, असा विचार आपल्या देशात अनेक ठिकाणी केला जातो. वस्तुतः जागरण, श्रम किंवा चहा-कॉफीचा अतिरेक यांमुळे पापणीतील काही स्नायुतंतू थरथरतात आणि बहुधा काही दिवसांत शांत होतात. आज मी ज्या विकाराविषयी बोलणार आहे, तो निराळा आहे. त्यात दोन्ही डोळे इच्छेविरुद्ध घट्ट मिटतात. दृष्टी शाबूत असूनही रुग्णाला रस्ता ओलांडता येत नाही, वाचता येत नाही. या विकाराला 'ब्लेफरोस्पॅझम' म्हणतात.

फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ आंरी मेझ यांनी १९१० मध्ये चेहऱ्याच्या अशा आकड्यांचे वर्णन केले. तरीही पुढे कित्येक वर्षे अशा रुग्णांना मनोरुग्ण मानले गेले. १९७६ मध्ये लंडनच्या डेव्हिड मार्सडन यांनी हा स्नायुताणाचा, म्हणजे 'डिस्टोनिया'चा प्रकार असल्याचे प्रतिपादन केले.

याचे निदान रक्ततपासणीने होत नाही. वैद्याने पाहावे आणि ऐकावे, हीच खरी तपासणी. प्रथम डोळे कोरडे आहेत काय, दाह आहे काय, हे पाहावे. कारण त्यामुळेही पापण्या वारंवार मिटतात. नंतर विचारावे : त्रास एका बाजूस की दोन्ही? एकाच बाजूस असून गाल आणि ओठांचा कोपराही त्याच क्षणी ओढला जात असेल व झोपेतही ते थांबत नसेल, तर तो चेहऱ्याच्या अर्ध्या भागाचा आकडा होय. त्यात बहुधा मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाब देत असते, तेथे एम. आर. आय. चित्रण उपयोगी पडते. पापण्या आवळल्या जात नाहीत, पण उघडतही नाहीत आणि कपाळाला आठ्या पडतात, असे दिसल्यास कंपवातासारख्या विकारांचा विचार करावा. मानसिक आजारावरील किंवा ओकारी थांबवणारी काही औषधेही अशा हालचाली निर्माण करतात. म्हणून पूर्वी घेतलेल्या औषधांची चौकशी अवश्य करावी.

आता एक महत्त्वाची गोष्ट. प्रखर प्रकाशात आणि वाऱ्यात हा त्रास वाढतो. उलट बोलताना, गुणगुणताना किंवा भुवईला बोट लावताच पुष्कळांचे डोळे उघडतात. परिणामी वैद्यासमोर बोलत बसलेला रुग्ण निरोगी दिसतो आणि 'हे ढोंग आहे' असा शिक्का त्याच्यावर बसतो. परंतु स्पर्शाने मिळणारा हा क्षणिक आराम ढोंगाचा पुरावा नसून डिस्टोनियाची ओळखखूण आहे!

अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळालेल्या बोट्युलिनम विषाच्या सूक्ष्म मात्रेची टोचणी आज यावर दिली जाते. तिचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो. मग ती पुन्हा घ्यावी लागते. रोग समूळ जात नाही, पण बहुतेकांचे डोळे उघडे राहू लागतात. मात्र त्यासाठी आधी कोणीतरी रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवला पाहिजे. निदानाची पहिली पायरी तीच होय.