हक्कांच्या खुर्चीत कोण बसले आहे?

(संविधान दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला या प्रसंगी चार शब्द बोलण्यास सांगितले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही वकील नाही, प्राध्यापक नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लेखनिक म्हणून लागलो आणि आज चाळिशी उलटली तरी काउंटरच्या आतच आहोत. परंतु काउंटरमागे बसून एक गोष्ट मात्र शिकलो. बँकेत नवे मॅनेजर बदलून आले की कर्जासाठी आलेला शेतकरी व्याजाचा दर नंतर विचारतो. आधी विचारतो, "भाऊ, नवे साहेब कोण? आधी कुठं होते?" त्याला अनुभवाने ठाऊक असते की खेड्यातल्या शाखेत काम केलेले साहेब शेत बघायला येतील आणि हिशेब तपासणीतून आलेले साहेब आधी कागद मागतील. माणूस ज्या कामातून आला, त्या कामाची नजर तो बरोबर घेऊन येतो.

कर्जाच्या बाबतीत आपण हे विचारतो. हक्काच्या बाबतीत मात्र विचारत नाही. "आयोगाकडे तक्रार करू" असे आपण सहज म्हणतो. पण त्या आयोगाच्या खुर्चीत कोण आहे, तो न्यायाधीश होता, अधिकारी होता की राजकीय कार्यकर्ता, याची चौकशी करीत नाही. आजचा आमचा विषय हाच आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका गावात, नाव सांगत नाही, आपल्या वस्तीतील एका वृद्ध मातेचे ऐन पावसाळ्यात निधन झाले. वस्तीची वाट चार कुटुंबांच्या भातखाचरांवरून पुढे स्मशानाकडे जाते. त्या वाटेवर अंत्ययात्रा अडवली गेली. खांदेकऱ्यांना कमरेएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडावा लागला. पोलिसांत जाण्याचे ठरले, पण "गावातच राहायचे आहे, मिटवून टाका" असे वडीलधाऱ्यांनी सांगितले. मिटवण्यात महिने गेले. शेवटी मुलांनी आम्हाला अर्ज लिहायला सांगितले. आम्ही पदवीधर! चार पानी अर्ज लिहिला. त्यात पिढ्यानपिढ्यांचा अन्याय आला, महाडचे चवदार तळे आले, समता आणि बंधुता आली. अंत्ययात्रा कोणत्या तारखेला अडवली, एवढेच लिहायचे राहून गेले.

एका आयोगाकडे तो अर्ज पाठविला. घटनेची तारीख कळवा, असे उलट पत्र आले. आम्ही कळविली. तोवर चौदा महिने उलटले होते. मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे घटनेला एक वर्ष होऊन गेल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. प्रकरण बंद झाले. आम्ही फार चिडलो. तेव्हा कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले आमच्या परिचयाचे एक गृहस्थ अर्ज वाचून म्हणाले, "अहो, तुम्ही तक्रार लिहिली नाही, भाषण लिहिले. वाचणारा जन्मभर न्यायाधीश होता. तो आधी तारीख बघणार, मग साक्षीदार, मग कागद. महाड त्याला ठाऊक आहे."

त्या दिवसापासून आम्ही या खुर्च्यांचा इतिहास वाचू लागलो.

घटनेच्या कलम ३३८ मध्ये मुळात एकाच विशेष अधिकाऱ्याची तरतूद होती. तो म्हणजे अनुसूचित जाती-जमातींचा आयुक्त. १९५० मध्ये पहिले आयुक्त झाले ते ल. म. श्रीकांत. ते भिल्ल सेवा मंडळात काम केलेले समाजसेवक. १९८६ ते १९९१ या काळात त्या पदावर डॉ. ब्रह्मदेव शर्मा होते. ते सनदी अधिकारी. बस्तरचे जिल्हाधिकारी राहिलेले, जंगलातल्या माणसाची कैफियत जवळून पाहिलेले. म्हणूनच त्यांच्या अहवालात जमीन, जंगल आणि कर्ज यांचा हिशेब रोखठोक आला. एकट्या आयुक्ताच्या जोडीला १९७८ मध्ये अनेक सदस्यांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष भोला पासवान शास्त्री हे बिहारचे माजी मुख्यमंत्री होते. १९९० च्या ६५ व्या घटनादुरुस्तीने आयोगाला घटनात्मक दर्जा मिळाला आणि १९९२ मध्ये रामधन त्याचे अध्यक्ष झाले. पुढे ८९ व्या दुरुस्तीने २००४ पासून अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचे आयोग वेगळे झाले. आपल्या कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली बांधवांचा अर्ज तेव्हापासून दुसऱ्या आयोगाकडे जातो. हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

अनुसूचित जाती आयोगाच्या अध्यक्षांची नावे पाहिली की चित्र स्पष्ट होते. सूरज भान हे राज्यपाल राहिलेले. बुटासिंग केंद्रीय गृहमंत्री राहिलेले. पी. एल. पुनिया आधी सनदी अधिकारी, नंतर राजकारणात. रामशंकर कठेरिया हिंदीचे प्राध्यापक आणि खासदार. विजय सांपला यांनी तरुणपणी आखाती देशात नळजोडणीचे काम केले, पुढे ते खासदार व मंत्री झाले. २०२४ मध्ये नेमले गेलेले किशोर मकवाणा पत्रकार. हा योगायोग नाही. अध्यक्ष हा अनुसूचित जातींमधील नामवंत सामाजिक-राजकीय कार्यकर्ता असावा, असे २००४ च्या नियमांतच लिहिले आहे. म्हणजे ही खुर्ची मुद्दामच सार्वजनिक जीवनातील माणसासाठी ठेवली आहे.

मानवी हक्क आयोगाची रीत वेगळी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ मध्ये स्थापन झाला, तेव्हा त्याचा अध्यक्ष निवृत्त सरन्यायाधीशच असावा अशी अट होती. रंगनाथ मिश्र हे पहिले अध्यक्ष. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वोच्च न्यायालयाच्या कोणत्याही निवृत्त न्यायाधीशाला हे पद खुले झाले. आपल्या राज्याचा मानवी हक्क आयोग २००१ मध्ये सुरू झाला. केरळ उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. अरविंद सावंत त्याचे पहिले अध्यक्ष होते.

बंधू-भगिनींनो, या यादीतील एका नावापाशी आम्ही थबकलो. न्या. के. जी. बालकृष्णन २००७ ते २०१० या काळात देशाचे सरन्यायाधीश होते आणि २०१० ते २०१५ पर्यंत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष. त्या सर्वोच्च खुर्चीत बसलेले ते पहिले दलित. त्यांचे वडील केरळातील वैकमच्या कोर्टात कारकून होते. आमच्यासारख्या कारकुनाला याचे अप्रूप वाटणारच. वडिलांनी ज्या कोर्टाचे कागद सांभाळले, त्या न्यायव्यवस्थेचा मुलगा प्रमुख झाला.

आता प्रश्न असा की खुर्चीत न्यायाधीश चांगला की कार्यकर्ता? आमचे प्रांजळ मत असे की प्रत्येकाचे एक बळ आहे आणि एक उणीव. न्यायाधीशाला मंत्र्याची भीती नसते, पण त्याच्यासमोर जे आले नाही ते त्याला दिसत नाही. आमची माता ओढ्यातून नेली गेली, पण कागदावर ती तारखेविना राहिली. सनदी अधिकाऱ्याला नियम आणि फाईल यांची वाट ठाऊक असते, पण ज्या खात्यात त्याचे आयुष्य गेले त्याच खात्याविरुद्धची तक्रार त्याच्यासमोर येते. राज्य मानवी हक्क आयोगात दोन जागा न्यायाधीशांच्या आणि तिसरी मानवी हक्कांचे ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तीची असते. या तिसऱ्या जागेला कायद्याने पदवीची अट घातलेली नाही. तरीही तेथे अनेकदा निवृत्त पोलीस वा सनदी अधिकारी बसलेले दिसतात. वीस वर्षे वेठबिगार सोडवणारा कार्यकर्ता त्या जागेसाठी अपात्र कसा? राजकीय कार्यकर्त्याला लोकांचे दुःख ऐकताच कळते, परंतु ज्या सरकारविरुद्ध बोलायचे त्याच सरकारने त्याला नेमलेले असते.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, म्हणून आपण त्याला न्यायालय समजतो. १९९६ मध्ये इंडियन ओव्हरसीज बँकेतील अनुसूचित जाती-जमाती कर्मचारी संघटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आयोगाने बढत्या थांबविण्यास सांगितले होते. चौकशीपुरते अधिकार असले तरी मनाई हुकूम देण्याचा अधिकार आयोगाला नाही, असा निर्णय झाला. मानवी हक्क आयोगही शेवटी शिफारसच करतो. तेव्हा आयोगाकडे जाणे म्हणजे कोर्ट व पोलीस यांना पर्याय नव्हे, ती जोड आहे.

आणि खुर्च्या काही केवळ दिल्ली-मुंबईतच नाहीत. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्या नियमांप्रमाणे गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. तीत अनुसूचित जाती-जमातींचे पाचपर्यंत बिनसरकारी सदस्य असू शकतात. अशीच समिती प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरही असते. मंडळींनो, आपल्या दोन तालुक्यांतून त्या समित्यांवर कोण आहे, हे या सभागृहात किती जण सांगू शकतील? वीटभट्टीवर उचल घेऊन अडकलेल्या कातकरी कुटुंबासाठी १९७६ च्या वेठबिगार कायद्यानुसार जिल्हा व उपविभाग पातळीवर स्वतंत्र दक्षता समित्या आहेत, आणि १९९७ पासून त्या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविले आहे. दारावरची खुर्ची आपण पाहत नाही आणि दिल्लीच्या खुर्चीला चार पानी पत्र लिहितो.

आता त्या वाटेचे पुढे काय झाले ते सांगतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाटेवर काटेरी कुंपण पडले. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे शेतात जाण्याची वहिवाटीची वाट अडविली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करता येतो. तेथे तहसीलदार हे अधिकारी असूनही न्यायाधीश म्हणून बसतात. त्या चार कुटुंबांनी विसाव्या दिवशी एक पानी अर्ज दिला. कुंपण घातल्याची तारीख, सातबारा, गावनकाशाची नक्कल आणि तीन साक्षीदार, एवढेच. महाडचा उल्लेख नाही. तहसीलदारांनी जागेवर येऊन पाहणी केली, दोन्ही बाजू ऐकल्या आणि अडथळा काढण्याचा हुकूम दिला. आज ती वाट पावसाळ्यात चिखलाची आहे, परंतु खुली आहे. तिच्यावरून माणूस शेतातही जातो आणि शेवटच्या प्रवासालाही.

तात्पर्य एवढेच की समोर न्यायाधीश असेल तर तारीख, साक्ष आणि कागद द्या. अधिकारी असेल तर नियम आणि जुन्या अर्जाचा आवक क्रमांक द्या. लोकांतला कार्यकर्ता असेल तर त्याला वस्तीवर आणा, माताभगिनींना बोलू द्या. मंडळाने विहारात एक नोंदवही ठेवावी आणि कोणतीही घटना घडली की त्याच दिवशी तारीख, वेळ व साक्षीदार लिहून ठेवावेत, अशी आमची विनंती आहे. ही वही लिहिण्याचे काम आम्ही स्वतः करू. कारकुनाला तेवढे जमते.

आणि दुसरी विनंती पालकांना. मुलगा इंजिनिअर व्हावा, बँकेत लागावा ही इच्छा योग्यच आहे. पण दहा घरांतून एक मुलगी वा मुलगा वकिलीकडे पाठवा. परमपूज्य बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, हे आपण जयंतीला सांगतो. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ मध्ये निवडून आलेले वकील आर. आर. भोळे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. अमरावतीचे न्या. भूषण गवई १९८५ मध्ये वकिलीत आले, २००३ मध्ये उच्च न्यायालयात, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, आणि २०२५ च्या मे ते नोव्हेंबरपर्यंत ते देशाचे सरन्यायाधीश होते. बौद्ध समाजातून आलेले ते पहिले सरन्यायाधीश. वकिलीच्या पहिल्या दिवसापासून त्या खुर्चीपर्यंत चाळीस वर्षे लागली. आज अकरावीत असलेल्या आपल्या लेकीला कदाचित तितकीच लागतील. म्हणून सुरुवात यंदाच करावयास हवी.