पोरीला शिबिराला जाऊ द्या



आपलं वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आता आपल्या पोरी कॉलेजात जातात. एखादी घरी सांगते, "आई, सात दिवस शिबिराला जायचंय." आई म्हणते, "शिकायला पाठवलं, माती उचलायला नाही!"

मंडळी, हेसुद्धा शिक्षणच आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. यात विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास सेवा करतात. शिवाय सात दिवस एखाद्या गावात शिबीर असते.

शिबिरात गट पाडतात. एक गट भाकरी भाजतो, एक झाडलोट करतो, एक बांधावर जातो. कामं पाळीपाळीने बदलतात. घमेली हातोहात पुढे जातात. एक हात थांबला की सारी रांग थांबते. मग कोण बागायतदाराचा, कोण मजुराचा, हे मागे पडतं.

पूर्वी आपल्याकडे इर्जिक होती. एकाच्या रानात सगळ्यांची औतं यायची. हीही तशीच रीत आहे.

तेव्हा शिबीर कुठे आहे, सोबत कोण बाई आहेत, हे जरूर विचारा. आणि पोराला धाडता, तसंच पोरीलाही धाडा.