आर्द्रतेचा सेन्सर बदलताना

तासगावच्या द्राक्षबागेतल्या घरगुती हवामान केंद्राचा आर्द्रतेचा सेन्सर बिघडला, तर स्वस्त म्हणून डीएचटी ११ बसवू नये. त्याचं मोजमाप ९० टक्क्यांपर्यंतच खात्रीचं, आणि द्राक्षावरचा डाऊनी रोग फोफावतो तो त्यापुढच्या दमट हवेत. म्हणजे नेमक्या धोक्याच्या रात्रीच आकड्यावर भरवसा नाही. महाबळेश्वरच्या पावसाळी धुक्यात तर हवा शंभरीलाच टेकलेली असते. एसएचटी ३१ हा सेन्सर शंभर टक्क्यांपर्यंत मोजतो. तो महाग आहे, एका डेटा वायरीऐवजी दोन लागतात, प्रोग्रॅमही बदलावा लागतो, हा आक्षेप खरा. पण चुकीच्या आकड्यावर केलेली फवारणीही फुकट नसते. या दोन डेटा वायरी मात्र आखूड ठेवा, व्होल्टेज तपासूनच जोडा. आणि सेन्सर पांढऱ्या, झडपांच्या हवेशीर पेटीतच बसवा. उन्हात तापला, तर चांगला सेन्सरही हवा आहे त्यापेक्षा कोरडी दाखवतो.