मामाचे साठ ड्रायव्हर परत आले तेव्हा

आज कोड नाही, आज सोल्डरिंग.

माझा मामा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात एलईडी लाइटचे ड्रायव्हर बनवतो. ४० वॅटचे, आयसोलेटेड. म्हणजे मेन्सची बाजू आणि एलईडीची बाजू यांच्यात ट्रान्सफॉर्मर, थेट वायर नाही. गेल्या पावसाळ्यात भिवंडीच्या एका गोदामवाल्याने ६० ड्रायव्हर परत पाठवले. लाइट मस्त लागत होते. तक्रार एकच, पॉवर फॅक्टर ०.५५.

मामा चिडला. "अरे, वॅट तर चाळीसच खातो ना?"

खातो. तुमच्या-माझ्या घरचं बिल युनिटवर येतं, आपल्याला फरक कळणारही नाही. पण त्या गोदामाचं कनेक्शन उच्चदाबाचं, आणि १ एप्रिल २०२० पासून महावितरण अशा ग्राहकांना केव्हीएएचवर बिल लावतं. ४० ला ०.५५ ने भागा, ७३ व्हीए होतात. साठ लाइटना ११ अँपिअर पुरले असते, तिथे १९ लागतात. वर थ्री फेजमध्ये यातला तिसरा हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाही, बेरीज होते. न्यूट्रल तापतो. मला बिलापेक्षा याची जास्त भीती वाटते.

मामाचा उपाय तयार होता: "मोटरला लावतो तसा एक कॅपॅसिटर ठोकू." मीही मान डोलावली. दोघंही चुकलो.

मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, म्हणून तिथे कॅपॅसिटर चालतो. ड्रायव्हरचा करंट मागे नसतो, तुटक असतो. ब्रिजनंतरचा मोठा कॅपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरून बसतो आणि दर १० मिलिसेकंदांत जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद करंटचा घोट घेतो. बाकी वेळ उपाशी. बाहेरून कॅपॅसिटर लावून घोटाचा आकार थोडाच बदलतो?

पहिला खरा रस्ता म्हणजे ब्रिज आणि त्या कॅपॅसिटरच्या मध्ये बूस्ट सर्किट. ते करंटला व्होल्टेजच्या आकारात ओढतं. मला वाटलं, मस्त, मध्ये एक लेयर टाकायचा, पुढचा कोड तसाच! पण बूस्टचं आउटपुट साधारण ४०० व्होल्ट. मामाच्या बोर्डवरचा कॅपॅसिटरच ४०० व्होल्टचा, तिथे ४५० चा हवा. मॉस्फेट ६५० चा. ४०० वर ट्रान्सफॉर्मरचं उलटं व्होल्टेज आणि स्पाइक धरला तर हाताशी काहीच उरत नाही. म्हणजे पुढचंही सगळं बदला.

दुसरा रस्ता मामाला पटला, कारण स्वस्त. मोठा कॅपॅसिटर काढायचा, छोटा फिल्म कॅपॅसिटर ठेवायचा आणि फ्लायबॅकलाच पीएफचं काम द्यायचं. त्यासाठी वेगळी आयसी येते. ट्रान्सफॉर्मर मात्र नव्याने गुंडाळावा लागला, कारण पीक करंट बराच वाढतो. ऑप्टोकपलरचा फीडबॅक मुद्दाम मंद केला. तो चपळ असला तर १०० हर्ट्झचा चढउतार सपाट करायला जातो आणि करंटचा आकार पुन्हा बिघडवतो. हे समजायला माझे दोन रविवार गेले. (रविवारी वागळेत चहाही मिळत नाही.) आणि सर्ज आला की झेलायला मोठा कॅपॅसिटर उरला नव्हता, म्हणून इनपुटला एमओव्ही.

एक सांगतो, घरी असा ड्रायव्हर उघडू नका. प्लग काढल्यावरही आतला कॅपॅसिटर झटका देतो.

सॅम्पल लावला. मीटरवर ०.९६! मामाने लगेच गोदामवाल्याला फोन लावला. मी तोवर मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा लाइटवर धरला, तर चक्क पट्टे सरकताना दिसले. चढउतार गेला नव्हता, आता आउटपुटला आला होता. तिथला कॅपॅसिटर दुप्पट केला, पट्टे पुसट झाले, पण तो जुन्या डबीत बसेना.

सध्या मामा लोखंडवाल्याकडे डबीचा भाव विचारतोय.