दोन वाफे, दोन पाने



टेंभुर्णीहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की वाटेत मोहोळ लागते. आपल्या भाकरीशी या गावाचे जवळचे नाते आहे. मालदांडी शाळूचे एम ३५-१ हे वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडून काढले गेले. सोलापुरातही १९३३ साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला आरंभ झाला. अशा केंद्रांवर काम करणाऱ्यांपुढे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : या दोहोंतले चांगले कोणते, आणि ते कशावरून? आजचे माझे भाषण याच प्रश्नाविषयी आहे. वाफा मात्र निराळा आहे. तो शेतातला नाही, मोबाईलच्या पडद्यावरचा आहे.

आता शेतकऱ्यांचे गट, शाळा, महाविद्यालये, पतसंस्था आपापली वेबसाइट करून घेऊ लागल्या आहेत. करून देणारा दोन नमुने पुढे ठेवतो. अध्यक्षांना एक आवडतो, सचिवांना दुसरा. बैठकीत चर्चा होते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा नमुना ठरतो. पैसे सगळ्यांचे जातात. आणि ते पान वापरणार कोण, तर तिसराच माणूस! त्याला कुणी विचारलेलेच नसते.

एक उदाहरण घेऊ. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तिकडच्या एका गटाला आपली ज्वारी थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकायची आहे. पहिल्या नमुन्यात भरल्या कणसांचे मोठे छायाचित्र आहे आणि खाली काळ्या जमिनीची हकीकत आहे. दुसऱ्यात छायाचित्र लहान; वर भाव, पोत्याचे वजन, माल किती दिवसांत पोचेल ते, आणि मागणी नोंदवण्याची जागा. या दोन निरनिराळ्या वाटा आहेत. कोणती धरावी?

कुणी म्हणेल, त्यात काय अवघड आहे? एक महिना हा नमुना ठेवा, एक महिना तो ठेवा, आणि मागणी मोजा. पण थांबा. पहिला महिना दिवाळीचा असेल आणि दुसरा लग्नसराईचा, तर फरक नमुन्याचा की हंगामाचा? गेल्या साली एक बी पेरले, यंदा दुसरे पेरले, आणि यंदा हस्ताचा पाऊस चांगला झाला. आता जादा आलेली पोती बियाण्याच्या नावावर लिहायची की पावसाच्या? तुम्ही शेतकरी आहात, उत्तर तुम्हांला ठाऊक आहे.

म्हणजे तुलना एकाच हंगामात, शेजारी शेजारी झाली पाहिजे. तरीही एक खोच राहतेच. शेताच्या वरच्या अंगाला मुरूम असतो, खालच्या अंगाला कसदार काळी. आवडते बी माणूस नकळत खाली पेरतो, आणि मग म्हणतो, पाहा, माझे बी सरस!

यावर तोड निघाली ती इंग्लंडात. रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रोनाल्ड फिशर हे गणिती रुजू झाले. त्यांनी सांगितले की कोणत्या तुकड्यात कोणते बी, हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठी टाकून ठरवावे. शिवाय एका जोडीवर थांबू नये; अनेक तुकड्यांत तीच तुलना पुन्हा करावी. चिठ्ठीला आवडनिवड नसते. जे भेद आपल्याला दिसतात ते, आणि जे दिसतही नाहीत ते, दोन्ही बाजूंना जवळपास सारखे वाटले जातात. मग उरलेल्या फरकाविषयी काही बोलता येते.

ही विद्या आपल्या देशात रुजवण्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. विनायक पानसे यांनी शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धतींवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ते १९५४ साली प्रसिद्ध केले.

आता हीच चिठ्ठी मोबाईलवर आणू. गटाच्या वेबसाइटवर जो येईल त्याच्या नावाने संगणक मनातल्या मनात चिठ्ठी टाकतो. निम्म्यांना पहिले पान दिसते, निम्म्यांना दुसरे. तोच माणूस त्याच मोबाईलवरून उद्या पुन्हा आला तर त्याला कालचेच पान दिसेल, अशी व्यवस्था करता येते. दिवस तेच, भाव तोच, सण तोच. बदलले फक्त पान. मोजायचे काय, हे मात्र आधीच लिहून ठेवावे. किती जणांनी पान पाहिले हे मोजून पोते विकले जात नाही. किती जणांनी मागणी नोंदवली ते मोजावे. प्रयोग किती दिवस चालवायचा तेही आधी ठरवावे, आणि पुरे आठवडे धरावेत, कारण रविवारचे गिऱ्हाईक आणि सोमवारचे गिऱ्हाईक सारखे नसते. रोज आकडे पाहून, आपला नमुना पुढे गेला त्या दिवशी प्रयोग थांबवला, तर ती तुलना राहत नाही.

आता आकड्यांचे पाहा. शंभर जणांना पहिले पान दिसले, सात मागण्या आल्या. शंभर जणांना दुसरे दिसले, दहा आल्या. दुसरे जिंकले का? नाही. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. एकच बी दोन तुकड्यांत पेरा, तरी उतारा तंतोतंत सारखा येत नाही. पण हजारांत सत्तर आणि हजारांत शंभर आल्या, तर योगायोगाची शंका पुष्कळच कमी होते.

आणि इथेच लहान गटाची अडचण आहे. रोज वीसच माणसे येत असतील तर दोन हजारांना शंभर दिवस लागतील. अशा वेळी बटणाचा रंग हिरवा की निळा, असल्या बारीक तुलनेत पडू नये. फरक मोठा असलेल्या दोन वाटाच ताडून पाहाव्यात. तेवढीही माणसे येत नसतील तर पाच गिऱ्हाइकांच्या हाती मोबाईल द्यावा आणि ती कुठे अडतात ते गप्प बसून पाहावे. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या : सबंध वाट बदलली की कोणती सरस ते कळते, का सरस ते कळत नाही. भावामुळे की पोचेच्या दिवसांमुळे, हे जाणायचे तर पुढे एकेक गोष्ट बदलून पाहावी लागते.

जाणत्यांचा अंदाजही कसा चुकतो, पाहा. बराक ओबामा यांच्या २००८ च्या निवडणुकीच्या प्रचारात वेबसाइटच्या पहिल्या पानाचे चोवीस नमुने सुमारे ३ लाख १० हजार लोकांना वाटून दाखवले गेले. कार्यकर्त्यांचा ओढा चलच्चित्राकडे होता. प्रत्यक्षात सगळी चलच्चित्रे छायाचित्रांच्या मागे पडली. ओबामांच्या कुटुंबाचे साधे छायाचित्र असलेला नमुना सरस ठरला. आधीच्या पानावर शंभरांत सुमारे आठ जण नाव नोंदवीत, ते प्रमाण साडेअकराच्या वर गेले.

एक मर्यादा पाळलीच पाहिजे. प्रयोगाच्या नावाखाली एकाला खरा भाव आणि दुसऱ्याला चढा भाव दाखवायचा नाही. विद्यार्थ्यांच्या प्रवेश-अर्जाचे दोन नमुने केले, तर शेवटची तारीख दोन्हींत तितकीच ठळक हवी. मांडणी बदला, माहिती लपवू नका.

शिक्षक मित्रांना शेवटी एक सुचवतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक नाणे वीस वेळा उडवायला सांगा आणि छापे किती पडले ते फळ्यावर लिहा. नाणी साधीच, पण कुणाचे सात येतील, कुणाचे तेरा. मग मुलांना विचारा, तेरावाल्याचे नाणे चांगले म्हणायचे का? आधी मुले हसतील. मग एखादी मुलगी विचारील, ‘गुरुजी, मग किती फरक पडला म्हणजे खरा मानायचा?’ तेथून पुढचा तास तुमचा.