विमानतळावरची व्हीलचेअर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'तू नक्की काय काम करतेस?' असं सकाळपासून अनेकांनी विचारलं, म्हणून त्याविषयीच पाच मिनिटं बोलते. विमानाचं तिकीट ऑनलाइन काढताना जे फॉर्म तुमच्यासमोर येतात, ते बनवणाऱ्यांपैकी मी एक. त्यातल्या एकाच रकान्याबद्दल सांगायचं आहे : 'विशेष साहाय्य हवे आहे का?'

आपण आता अशा वयात आहोत, की आई-वडिलांचं तिकीट आपणच काढतो. या रकान्यात 'व्हीलचेअर'वर खूण केली की आपण मोकळे. पण विमान कंपन्यांच्या भाषेत व्हीलचेअरच्या गरजा तीन. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे जिना चढता येतो, पण लांब अंतर चालवत नाही. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे जिना चढता येत नाही, पण विमानात आपल्या जागेपर्यंत चालता येतं. 'डब्ल्यूसीएचसी' म्हणजे अजिबात चालता येत नाही. अशा प्रवाशाला अरुंद खुर्चीतून थेट त्याच्या सीटपर्यंत न्यावं लागतं.

फरक शेवटच्या एका अक्षराचा. पण ते चुकलं, तर विमानाला शिडी लागलेली असताना लिफ्टची गाडी आलेलीच नसते. मग दोघं-तिघं मिळून त्या माणसाला उचलतात. सामान उचलावं तसं उचललं जाणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

पाय धड आहेत, पण एवढ्या मोठ्या विमानतळाची आणि इंग्रजी पाट्यांची धास्ती वाटते, अशा आई-बाबांसाठी वेगळी सोय असते : 'मीट अँड असिस्ट', म्हणजे सोबतीला माणूस. तीही मागता येते. आपण सरसकट खुर्ची मागितली, तर जिला खुर्चीवाचून हलताच येत नाही ती बाई रांगेत ताटकळते.

उलटही घडतं. अंध प्रवाशाला फक्त कुणाचं तरी कोपर धरायला हवं असतं. त्यालाही 'खुर्चीत बसा' असा आग्रह होतो. माझा एक अंध सहकारी आमचे फॉर्म तपासतो. रंगांवरून सीट निवडायचा नकाशा त्याच्या स्क्रीन रीडरला नुसता 'बटण, बटण, बटण' असा ऐकू येतो. प्रत्येक बटणाला 'बारा ए, खिडकी, रिकामी' असं नाव देणं हे आमचं काम. अवघड काहीच नाही, आठवण मात्र ठेवावी लागते.

हे उपकार नव्हेत, हक्क आहे. २०१२ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना विमानातून उतरवलं गेलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम आणखी स्पष्ट केला : केवळ अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येणार नाही. प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका आली, तर डॉक्टरांनी तपासून मत द्यायचं आणि मगच कंपनीने निर्णय घ्यायचा.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी घरच्यांचं तिकीट काढाल तेव्हा आधी त्यांनाच विचारा : जिना चढवेल का? सीटपर्यंत चालता येईल का? की फक्त सोबत हवी? मिळालेलं उत्तर उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा. आणि इथे बसलेल्या सर-बाईंना सांगते, मुलांना त्रास नको म्हणून 'मला काही नको' म्हणू नका. वर्गात आम्हाला 'शंका असेल तर हात वर करा' म्हणायचात ना? आता हात वर करायची पाळी तुमची!