जाकिटाचे पट्टे आणि धरणाचे दरवाजे

कोलाडला राफ्टिंग करून आलेली सोलापूरची मंडळी मला हमखास विचारतात, "सर, पाऊस नसताना कुंडलिकेला एवढं पाणी कुठून?" ते मुळशी धरणाचं. भिऱ्याच्या वीजघरात वीज करून झाली की ते खाली सोडतात आणि त्या काही तासांत राफ्ट चालते. मुळशीची मुळा भीमेच्याच खोऱ्यातली. म्हणजे एरवी उजनी धरणात आलं असतं, तेच पाणी बघायला आपण पैसे मोजून घाट उतरतो!

धरणाखालची नदी आभाळाकडं बघून कळत नाही. पंढरपुरात कडक ऊन असतं आणि वाळवंट पाण्याखाली जातं. उजनीचा विसर्ग वाढलेला असतो, नाहीतर वीर धरणातून सोडलेलं नीरेचं पाणी नरसिंहपूरच्या संगमावरून आलेलं असतं. बातम्यांत क्युसेक ऐकता ना? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो.

मला खळाळापेक्षा कोल्हापुरी बंधाऱ्याची धास्ती वाटते. वरून दिसतो साधा, सरळ. पण पडलेलं पाणी खाली उलटं फिरून भिंतीकडंच येतं. एकदा मी तिथं ओंडका पाहिला. बुडायचा, वर यायचा, पुन्हा भिंतीकडं जायचा. तासभर तिथंच. खळाळ माणसाला पुढं फेकतो, बंधारा सोडत नाही. भरलेल्या बंधाऱ्यावरून कयाक नेण्याची हौस कुणी करू नये, पोहणाऱ्यानं तर नाहीच.

वाहत्या पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं, बोटं पाण्याबाहेर. उभं राहायची घाई नको. खडकात पाय अडकला की पाणी माणसाला पुढं वाकवून बुडवतं.

आता लाइफ जाकीट. पट्टे आवळल्यावर कुणाला तरी ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. उजनीवर रोहित पक्षी बघायला जाणारे काहीजण जाकीट अंगात घालण्याऐवजी बसायला घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

२१ मे २०२४ ला उजनीतच कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली, सहाजण गेले. वळवाचा वारा सांगून येत नाही. दुपार कलल्यावर आभाळ काळवंडलं आणि नावाडी म्हणाला, "आज नको," तर त्याला जास्तीचे पैसे दाखवू नका.